राहण्याची मुभा

माझं काम ऐकलं की लोक हसतात. सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये बसून मी इंग्लंडातल्या मेलेल्या माणसांची मृत्युपत्रं वाचते. तिथल्या कुटुंबांना आपल्या पूर्वजांची माहिती हवी असते, आणि दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं ते किचकट अक्षर मला लागतं. वाचायचं, टाइप करून पाठवायचं, बस्स.

गेल्या महिन्यात एका खेड्यातल्या डॉक्टरचं मृत्युपत्र आलं. अठराव्या शतकातला माणूस, घोड्यावरून गावोगाव रोगी तपासत फिरणारा. थोरला मुलगा त्याच्या हाताखाली औषधं कुटायचा, म्हातारपणी त्याचं सगळं करायचा, असं डॉक्टरने स्वतःच लिहिलंय. धाकटा लंडनला. आणि घर दिलं कुणाला? धाकट्याला. थोरल्याला काय, तर मागच्या खोलीत मरेपर्यंत राहण्याची मुभा.

एरवी मी त्या म्हाताऱ्याला चार शिव्या घालून पुढचं पान उघडलं असतं. पण हात थांबला. कारण आमच्या अप्पांनी हेच केलंय, आणि आमच्या घरातली लंडनवाली मी आहे.

अप्पा डॉक्टर होते. इंदिरानगरला खाली दवाखाना, वर घर. पूर्वी अंधार पडल्यावर तिकडे यायला रिक्षावाले कुरकुर करायचे, आता दोन्ही बाजूंना हॉटेलं झालीत. माझा थोरला भाऊ, अण्णा, कॉलेज सोडून अप्पांचा कंपाउंडर झाला तो कायमचाच. अप्पांनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांना उचलून बसवणं, भरवणं, पुसणं, सगळं त्याने आणि वहिनीने केलं. मी रविवारी फळं घेऊन जायची. तासभर बसायची, त्यातला अर्धा वेळ फोनवर.

अप्पा गेल्यावर वकिलाने मृत्युपत्र वाचलं. घर मला. 'थोरला भोळा आहे, कोणीही त्याची सही घेऊन जाईल,' असं कारणही लिहिलेलं. त्याला फक्त हयातभर तिथे राहता येईल. अण्णा समोरच बसला होता. मान हलवत म्हणाला, "सरी, बरोबरच आहे अप्पांचं. मला कुठे जमतं कागदबिगद." आणि वकिलासाठी कॉफी सांगायला आत गेला.

त्याच दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, बक्षीसपत्र करून घर अण्णाच्या नावावर करून टाकते. मनापासून म्हटलं हो. मग लेकीची बारावी आली, मग वकील गावाला गेला, मग मीच त्याला फोन करायचं सोडलं. खरं सांगू? ते घर माझं आहे हे मला आवडायला लागलंय. कोणी तिथल्या जागेचा भाव काढला की मी कान देऊन ऐकते. लाज वाटते, तरी ऐकते.

म्हणून, कोणी सांगितलं नसताना, मी त्या लंडनच्या धाकट्याचं मृत्युपत्र हुडकून काढलं. भावाला त्याने घर परत दिलं का, एवढंच बघायचं होतं. अख्खी दुपार त्यात गेली. नव्हतं दिलं. सगळं स्वतःच्या मुलाला, भावाचं त्यात नावसुद्धा नाही. आणि मला काय वाटावं? हायसं वाटलं! कुठल्या परक्या माणसाचा अप्पलपोटेपणा, आणि मला त्याचा आधार वाटला. मग स्वतःचीच किळस आली. उठून तोंड धुतलं, चहा टाकला, तो प्यावासा वाटेना.

काल सकाळी अण्णाचा फोन आला. मी डबे भरत होते. अप्पांचा मोठा फोटो फ्रेम करून आणलाय म्हणाला, दवाखान्याच्या खोलीत लावावा म्हणतो. मी म्हटलं, छान. तरी तो फोन ठेवेना. जरा घुटमळला आणि म्हणाला, "भिंतीला एक खिळा ठोकला तर चालेल ना ग तुला?"

पोळी गुंडाळता गुंडाळता मी म्हटलं, "हो, ठोक की."

"बरं झालं, विचारून घेतलं," म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

डब्याचं झाकण लावताना माझ्या लक्षात आलं. जन्मभर ज्या घरात तो राबला, तिथे बापाचा फोटो लावायची परवानगी त्याने मला मागितली होती, आणि मी ती दिली होती.