खिंडीतला सोमवार

माझ्या भक्तीत एक खोट आहे, ती आधीच सांगून टाकते. मला उपास होत नाही. दिवाबत्ती, आरती, पोथी सगळं मी मनापासून करते, पण पोटात काही नसलं की माझं डोकं फिरतं आणि मग माझ्या तोंडाला कोणी न लागलेलं बरं. याउलट आमचे हे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन तासगावजवळ द्राक्षबाग सांभाळतात. श्रावणातले सोमवार ते निर्जळी धरतात, दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. बर्फात पहारा देतानासुद्धा एक सोमवार मोडला नाही, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. त्यामुळे महादेवाची मर्जी आमच्यापैकी कोणावर आहे, याबद्दल घरात कोणालाच शंका नव्हती. मला मात्र रात्री निरांजन शांत झाल्यावर कधीकधी वाटायचं, जिला साधं उपाशी राहता येत नाही तिच्याकडे देव बघत तरी असेल का?

दोन वर्षांपूर्वी यांच्या मित्रांनी मोटारसायकलवरून लडाखला जायचं ठरवलं. सगळे साठीच्या आसपासचे बागायतदार. ऑगस्टअखेरीला, छाटणीच्या आधी, बागवाल्याला जरा उसंत असते आणि उसंत मिळाली की पुरुषांना काहीतरी सुचतंच. पुढारी होते बाळूभाऊजी, बेदाण्याचे व्यापारी. त्यांनी गाड्या ट्रकने चंदीगडला धाडल्या आणि आम्ही मागोमाग रेल्वेने गेलो. 'आम्ही' म्हणजे मीसुद्धा. मुलगा म्हणाला, "आई, तू मागं बसलीस तरच बाबा गाडी हळू चालवतील." बायकांत मी एकटीच. गुडघ्यांना कातडी कवच, डोक्याला हेल्मेट, आत नऊवारीऐवजी सुनेची जीन्स. आरशात बघितलं तेव्हा माझी मलाच ओळख पटेना.

मनालीच्या पुढे डोंगर असे सुरू झाले की आपल्याकडचे सगळे घाट पोरखेळ वाटावेत. झाड नाही, गवत नाही, नुसता उघडा दगड आणि वर निळंभोर आभाळ. बाळूभाऊजींनी सोबत बेदाण्याची पिशवी आणली होती. भेटेल त्याला, चहावाल्याला, रस्त्यावरच्या मजुराला, एकदा तर एका याकलाही, ते मूठभर बेदाणे देत आणि वर "तासगावचा माल हाय" असं बजावत. याकने खाल्ले नाहीत, त्याचं त्यांना पुढे बराच वेळ वाईट वाटत होतं.

आणि नेमका सर्वांत उंच खिंडीचा दिवस सोमवारी आला. सकाळी तंबूवाल्याने बजावून सांगितलं, वर हवा विरळ आहे, घोट घोट पाणी पीत राहा. मी दोन आम्लेटं आणि वर मॅगी खाऊन तयार झाले. श्रावण मी त्या उंचीवर नाइलाजाने बाजूला ठेवला होता. हे मात्र गंध लावून, हात जोडून, कोरडेच गाडीवर बसले.

"आवं, आजच्या दिवस तरी पाणी प्या," मी म्हटलं.

"अगं, ह्याच डोंगरात नोकरी केलीया मी. मला हवा शिकवू नगंस."

"तवा तुमी पंचवीस वर्सांचं हुता!"

त्यावर त्यांनी किक मारली. आमच्या संसारात वाद संपवायची ती त्यांची जुनी पद्धत आहे.

खिंडीच्या माथ्यावर पताका फडफडत होत्या. बाकीचे पाटीसमोर फोटो काढायला धावले. यांनी गाडी लावली, पायाने दोनदा स्टँड चाचपला आणि मग एका दगडावर बसकण मारली. मी त्यांचं हेल्मेट काढलं तर ओठ जांभळे दिसले. समोरच्या बर्फाकडे बोट दाखवून म्हणाले, "अगं, सगळ्या डोंगरावर डावणी आलाय. फवारणी कराय पायजे."

डावणी म्हणजे द्राक्षाच्या पानाखाली पांढरी बुरशी धरणारा रोग. आधी मला हसू आलं. वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी कोण हेच त्यांना उमगत नव्हतं. छातीतून घरघर ऐकू येत होती. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली, तर एवढ्या भ्रमातही दात घट्ट मिटून म्हणाले, "सोमवार हाय."

सगळे गोळा झाले. मोबाइलला रेंज नाही. बाळूभाऊजींनी खिशातून लिंबू काढलं आणि यांची दृष्ट काढायला लागले. "ते लिंबू पाण्यात पिळा आन ह्यांस्नी पाजा!" मी ओरडले. ते म्हणाले, "वैनी, उतरून टाकलेलं लिंबू पाजत न्हाईत." एकाने अंगावर शाल घातली, एकाने तळपाय चोळले. खाली न्यायला हवं हे सगळ्यांना कळत होतं, पण ज्या माणसाची मान उभी राहत नाही त्याला दुचाकीवर बसवणार कसं?

तेव्हा माझा तोल गेला. बाकीच्यांनी तिथे डोळे मिटून प्रार्थना केली असेल. मी आभाळाकडे तोंड करून, आमच्या बांधावर भांडावं त्या आवाजात, महादेवाला धारेवर धरलं. "आरं म्हादेवा! तुझ्याच डोंगरात, तुझाच उपास धरून माणूस काळानिळा पडाय लागलाय, आन तू डोळं झाकून बसलाईस व्हय रं? येवढी वर्सं ह्यांनी तुला काय कमी केलं? माझं सोड, मी हावरीच हाय, पर ह्यांच्याकडं तरी बघ की!" आणखीही बरंच बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या उंचीवर एवढं बोलायला दम कुठून आला कोण जाणे. मग तो एकदम संपला. मी यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि अगदी हळू म्हटलं, "माझ्यानं काय हुईना आता. तुझं तू बघ." आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी खरोखर हातातून सोडलं होतं. त्या क्षणी मन रिकामं झालं, इतकं की भीतीसुद्धा उरली नाही.

माझी आरडाओरड चालू असतानाच खिंडीतून फौजी ट्रकांची रांग उतरायला लागली होती. त्यातला एक आम्हाला ओलांडून गेला, थांबला आणि मागे आला. चालवणारा जवान खाली उडी टाकून पळत आला आणि चक्क म्हणाला, "मावशी, तासगावच्या का वो तुमी?"

तो कवठे महांकाळकडचा निघाला. काच खाली होती म्हणून माझा आवाज आत गेला. "आमची आय आसंच वराडती," तो म्हणाला, "पाय आपसूक ब्रेकवर गेला." घडलं ते हे एवढंच. त्याची काच वर असती तर काय झालं असतं, हा विचार मी अजून पुरा केलेला नाही.

यांना ट्रकमध्ये आडवं करून खाली फौजेच्या दवाखान्यात नेलं. तिथला तरुण डॉक्टर उत्तर प्रदेशातला. त्याने नाकावर प्राणवायू लावला, दंडात इंजेक्शन दिलं, पण हात इतके गार की सलाइनला शीर सापडेना. म्हणाला, आता पाणी पोटात गेलंच पाहिजे. हे थोडे शुद्धीवर आले होते, म्हणजे पुन्हा हट्टावर आले होते. डॉक्टरने कारण विचारलं. मी श्रावण म्हटल्यावर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "बाबा, सावन तो कब का बीत गया! भादों चल रहा है।"

त्यांच्याकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला, त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस उरकतो. यांनी नाकावरचा प्राणवायूचा मास्क जरासा उचलला आणि म्हणाले, "तुमचा गेला आसंल. आमचा चालू हाय."

डॉक्टर हतबल होऊन माझ्याकडे बघायला लागला. तेव्हा मला आमच्याकडची रीत आठवली. घरातलं माणूस आजारी पडलं की त्याचा उपास दुसऱ्याने पुढे चालवायचा. मी ओंजळीत पाणी घेतलं, "म्हादेवा, ह्यांचा सोमवार आजपासनं माझा," म्हटलं आणि पाणी जमिनीवर सोडलं. लगेच सकाळची आम्लेटं आठवली आणि जीभ चावली. जवान बाजूलाच होता. त्याला हळूच विचारलं, तर म्हणाला, "मावशी, पोटातलं पोटात ऱ्हाऊ द्या. हितनं फुडं धरा."

हे माझ्याकडे संशयाने बघत होते. "तुला जमायचं न्हाई."

"तुमी प्या. माझं मी बघते."

मग ते प्याले. एक घोट, दुसरा घोट, आणि मग अख्खा पेला.

डॉक्टर म्हणाला, आता संध्याकाळपर्यंत बघायचं. मी खाटेजवळ बसून राहिले. बाहेर जवानांनी आमच्या लोकांना गरम पुऱ्या आणि बटाट्याची भाजी वाढली. बाळूभाऊजी दारात उभे राहून खात होते आणि प्रत्येक घासाला "वैनी, लय वाईट वाटतंय" म्हणत होते. पोटात भूक उसळत होती, पण नवल म्हणजे राग येत नव्हता. भुकेची कळ आली की मी त्यांच्या ओठांकडे बघायची, रंग परतलाय का म्हणून. त्यांची छाती वर गेली की मी श्वास घ्यायची. उपास म्हणजे देवाला खूश करण्याचा प्रकार, असं मी इतकी वर्षं समजत होते. त्या दुपारी मला देवाकडे मागायचंसुद्धा सुचलं नाही. मी नुसती त्याच्या शेजारी बसल्यासारखी बसले होते. मला वाटतं, स्वाधीन होणं म्हणतात ते यापेक्षा फार मोठं काही नसावं. आपल्याला येईल तेवढं करायचं, आरडाओरडासुद्धा करायचा, आणि मग बाजूला व्हायचं.

ऊन डोंगरावरून उतरलं तसे ओठ हळूहळू माणसाचे दिसायला लागले. डॉक्टर बोटाला लावलेलं यंत्र बघून पहिल्यांदा हसला. यांनी डोळे उघडले, छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. या खेपेला ओळखलं. सगळ्या संसारात मी त्यांना जो प्रश्न विचारत आले, तो त्यांनी मला एकदाही विचारला नव्हता. त्यासाठी त्यांनी मास्क बाजूला केला.

"जेवलीस का गं?"

मला रडूच फुटलं. मी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा त्या सुभेदाराने उशीवरून डोकं उचललं आणि दारातल्या जवानाला हुकूम सोडला, "दिवस मावळलाय रं. हिला आधी वाढ."