सरकता धुरा

पिंपळगाव राजात कोकिळाची भेंडी सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोकिळाचं तोंडही. भेंडी कोवळी, तोंड निबर. खामगावच्या बाजारात एखादं गिऱ्हाईक भेंडीचा शेंडा मोडून पाहायला लागलं की ती म्हणणार, "मोडली ते तुमची बरं का दादा! मंग नाही म्हणू नोका." गिऱ्हाईक हसतं, अर्धा किलो घ्यायचं तिथं एक किलो घेऊन जातं.

ही भेंडी धुऱ्यावरची. धुरा म्हणजे वावराच्या कडेचा बांध अन् त्याला लागून असलेली पट्टी. कोकिळा लग्न होऊन आली त्याच वर्षी सासूनं, अन्नपूर्णाबाईंनी, तिला हात धरून वावरात नेलं होतं. "हे पऱ्हाटीचं वावर उत्तमचं," त्या म्हणाल्या होत्या. "कापसाचा पैसा त्याचा, घर त्यानं चालवायचं. अन् हा धुरा तुहा. बरबटीच्या शेंगा लाव, भेंडी लाव, भाजीवर घालायले सांभार लाव. इथल्या पैशाले कोणी काही इचारायचं नाही. मलेबी माह्या सासूनं असाच देल्ला होता."

धुरा तेव्हा एवढासा, खाट टाकली तर मावेल न मावेल. पण त्या खाटेएवढ्या जमिनीनं कोकिळाला राणी केलं. शेजारची बेबीताई पावडरच्या डब्यासाठीसुद्धा नवऱ्यापुढे हात पसरायची, वर मागचा डबा इतक्यात कसा संपला ते सांगायची. कोकिळाला लग्नापासून आजवर एकदाही हात पसरावा लागला नाही. माहेरी जायचं तर स्वतःच्या पैशानं तिकीट, भाचीला स्वतःच्या पैशानं फ्रॉक. मनात आलं तर बाजारातून येताना उत्तमरावांनाच पावशेर जिलबी. नवऱ्याला स्वतःच्या पैशाची जिलबी खाऊ घालण्यात काय मजा असते ते ज्या बाईनं घातली तिलाच विचारा.

आता खरं सांगायचं तर कोकिळा चोर होती. हो, चोर! लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिनं पहिला हात मारला. पऱ्हाटीचे तास, म्हणजे ओळी, उत्तमराव बैलांनी पाडायचे आणि मागून सरकी लावायच्या बाया, त्यांच्यात पुढे कोकिळा. त्या साली धुऱ्याजवळच्या पहिल्याच तासात तिनं सरकी लावलीच नाही. चार दिवसांनी तिथं गुपचूप भेंडी टोचली. उत्तमराव काही बोलले नाहीत. पुढच्या साली आणखी एक तास. मग दरसाल एक. बाई चोरी करायची, पण नेमानं करायची, कधी एकाचे दोन केले नाहीत.

आणि गंमत अशी, की एकेक तास घेऊनही भाजी तिच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघायची. दोन डाले धरावे तर चार भरायचे. "माह्या हाताले बरकत हाय बाप्पा," ती गावभर सांगत फिरायची. बेबीताईच्या पोरीनं मिरची लावली तेव्हा पहिलं रोप मुद्दाम कोकिळाच्या हातून लावून घेतलं होतं.

बाजारात तिनं ते पैसे आले की ओरडणारं डबडं घेतलं, तेव्हा मात्र जरा पंचाईत झाली. एकदा उत्तमराव जेवायला बसले होते आणि कोण्या गिऱ्हाइकानं उधारी घरबसल्या पाठवली. कोनाड्यातून डबडं कडाडलं, "चारशे पन्नास रुपये प्राप्त झाले!" कोकिळानं धावत जाऊन त्याच्यावर उशी दाबली. उत्तमराव म्हणाले, "ठेचा वाढ."

यंदा फाल्गुनात उत्तमरावांनी वावरात ठिबक बसवायचं काढलं. कोकिळाला आनंद झाला, तो दोन मिनिटं टिकला. ठिबक म्हणजे नळ्या, नळ्या म्हणजे मोजणी! पऱ्हाट्या अजून उपटल्या नव्हत्या. तिचा धुरा कुठवर सरकलाय ते टेप लावला की उघडं पडणार. अकरा तास! सासू गेली, आता साक्षीला कोणी नाही. नवरा म्हणाला, की एवढं वावर खाल्लं, आता अर्धा पैसा इकडे दे, तर कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? त्या पैशाचं एवढं काही नव्हतं. पण मग पुन्हा विचारून खर्च करायचा, बेबीताईसारखी डब्याची कैफियत द्यायची, या विचारानंच तिला रडू आलं.

ठिबकवाला चंद्रशेखर सकाळीच टेप घेऊन हजर. कोकिळानं त्याला चहा दिला. मग पोहे दिले. मग पुन्हा चहा. "ऊन उतरू द्या ना भाऊ, कायची घाई हाय?"

"वहिनी, आत्ता तं नऊ वाजले," चंद्रशेखर म्हणाला आणि वावराकडे निघाला. मागोमाग कोकिळाही.

जुना खाटेएवढा धुरा संपायचा तिथं टेपचं टोक धरायला उभे राहिले उत्तमराव. चंद्रशेखर भेंडीतून चालत चालत पहिल्या पऱ्हाटीपर्यंत पोचला आणि ओरडला, "भाऊ, अठ्ठ्याऐंशी फूट! चार फुटाचा तास धरला तं इथं बावीस तास बसतात!"

"बावीस कायचे?" कोकिळा उसळली. "अकराच तं घेतले म्या!"

झालं! तोंड निबर असलं की असं होतं. तिनं जीभ चावली, पण शब्द कधीच बांध ओलांडून गेले होते. चंद्रशेखर टेपकडे पाहू लागला. उत्तमरावांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते! डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते.

"अकरा तू घेतले," ते म्हणाले. "अकरा म्या सोडले."

"म्हणजे?"

"अवं, तुही भाजी संपते तिथून म्या कधी तास पाडले? दरसाल एका तासाची जागा सोडून पुढं लागतो. मंग त्यातला पह्यला तू खाते."

कोकिळा तरातरा त्यांच्यासमोर आली. "मंग बोलले काऊन नाही?"

"मायनं सांगतलं होतं, तिचा धुरा कधी मोजजो नोको. म्या मोजला नाही. निसता सरकत गेलो."

आता बाईनं विरघळून जावं की नाही? पण ही कोकिळा. तिला आधी राग आला. "म्हणजे ते माह्या हाताची बरकत नव्हती? गावभर सांगत फिरली नं मी येड्यावानी!"

"बरकत नसती तं म्या जागा कायले सोडली असती?" उत्तमराव म्हणाले. "पऱ्हाटीच्या एका तासात मले जे भेटते त्याच्या तिप्पट तू भेंडीत काढते. म्या काय येडा हाव?"

यावर मात्र तिला रडू आलं, आणि रडता रडताच ती हसली. मग पदरानं डोळे पुसून चंद्रशेखरला म्हणाली, "या बावीस तासांच्या नळ्याचे पैसे वेगळे सांगा. ते मी देईन. अन् दुपारी जेवूनच जा."

ठिबक बसलं. लावण यंदा रोहिणीतच झाली. उत्तमरावांनी एका तासाची जागा सोडून तास पाडले, मागून बाया सरकी लावायला उतरल्या. पुढं कोकिळा. तिनं पहिला तास सोडला. थांबली, सरळ नवऱ्याकडे पाहिलं आणि दुसराही सोडला.

"अवं, चोरी अशी दिवसाढवळ्या करतात का?" उत्तमराव तिकडून ओरडले.

"घरच्या माणसानंच कुलूप उघडं ठेवलं तं दुसरं काय होईन!"

बाया खदखदून हसल्या. उत्तमरावांनी बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि त्यालाच म्हणाले, "पाह्यलं का बे? दोन घेतले."