आईनं गंडे कापले तेव्हा

शेवंताक्का, आमची बैलगाडी सोनारीतून निघाली तेव्हा तू भिंतीआडून हात हलवलास, काकूंना कळू नये म्हणून. मी पाहिलं होतं. निजामाच्या हद्दीचा नाका येईपर्यंत बापू मागं न बघता बैल हाकत होते. आई मात्र माहेरी निघाल्यासारखी प्रार्थनेचं गाणं गुणगुणत होती.

निघावं लागलं ते माझ्या तापापायी. आठ वर्षांची होते. तीन आठवडे मुदतीचा ताप. तुझ्या आईनं, थोरल्या काकूंनी, दर्ग्यापासून भैरवनाथापर्यंत सगळ्यांचे गंडे माझ्या गळ्यात बांधले होते. मी पोर कमी नि पोळ्याचा बैल जास्त दिसत होते. आमची आई तेव्हा नुकतीच मिशनच्या बाईबरोबर येशूची प्रार्थना करायला लागली होती. तिनं विळ्यानं ते सगळे गंडे कापले. घरात आकांत झाला.

बापू म्हणाले, "पोरगी दगावली तर गाव तुला सोडायचं न्हाय. आन म्या बी पाठीशी न्हाय."

"नगा ऱ्हाऊ. येशू हाय," आई म्हणाली.

मग उकळलेलं पाणी चमच्यानं पाजत, ओल्या फडक्यानं अंग पुसत ती प्रार्थना करत बसली. गंडे कापल्याच्या पाचव्या दिवशी मला घाम फुटला नि मी भाकरी मागितली. गाव म्हणालं, भैरवनाथानं वाचवलं. आई हसली, "म्हनू द्या की. पोर उठली न्हवं?" पण काकूंनी बोललेला नवस फेडायला ती देवळात गेली नाही, आणि काकांनी आम्हाला विहीर बंद केली. पाठीशी नसलेल्या बापूंनीच शेवटी बैल जुंपले.

सोलापुरात बापू गिरणीत लागले. भोंग्यावर उठायचं, नळावर नंबर लावायचा, रविवारी चर्च. तिथंच माझा धाकटा भाऊ झाला, आणि चार वर्षांचा असताना तसल्याच तापानं गेला. दवाखाना केला, प्रार्थना केली. आईनं काही कमी ठेवलं नव्हतं. पुढच्या रविवारी ती तरीही चर्चला निघाली. बापू उसळले, "आता कशाला?"

"भांडायला. लई भांडनार हाय त्याच्यासंगं. आपला हाय म्हनून तर भांडायचं. परक्याशी कोन भांडतंय?"

मी बरी झाले तेव्हा विश्वास ठेवणं सोपं होतं. त्या रविवारी चर्चच्या पायऱ्या चढली ती बाई मोठी. मला ते कधी जमलं नसतं.

अक्का, इथं शेजारी लाखमोलाचे मिळाले. इतक्या वर्षांत त्यांच्याशी एकदाही वाजलं नाही. सोनारीशी मात्र मी मनातल्या मनात रोज भांडते.