आक्कांची कलती बाटली

शाईची बाटली तळाला गेली की तुमच्याआमच्यासारखी माणसं तिचा नाद सोडतात. काळेलबाई, म्हणजे आमच्या आक्का, तेव्हा कुठे तिच्याकडे नीट बघायला लागायच्या. त्यांची एक मोठी, पसरट पितळी वाटी होती, ज्वारीनं काठोकाठ भरलेली. बाटली त्या ज्वारीत तिरकी रोवायची, राहिलेली शाई एका कोपऱ्यात गोळा होईपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं, आणि मग ड्रॉपर हातात घ्यायचा. वर्षानुवर्षांच्या थेंबांनी त्या ज्वारीतले कितीतरी दाणे निळे झाले होते. नव्या माणसाला हे काहीतरी देवाधर्माचं वाटायचं. शेजारच्या एका सुनेनं तर जाता जाता वाटीला हळदकुंकू वाहिलं. आक्कांनी कुंकू लागलेले दाणे वेचून चिमण्यांना टाकले आणि तिला एवढंच म्हणाल्या, "आगं, पेन भरतीया मी, पूजा न्हाई घातली."

त्यांची माझी पहिली भेटही पेन भरतानाच झाली, आणि त्यात मी काही फारशी शोभले नाही. सांगलीच्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच लागले होते. साताऱ्याहून येताना वडिलांनी दिलेलं सोनेरी टोपणाचं पेन बरोबर आणलं होतं. मी ते ब्लाउजला असं अडकवायचे की माझ्याआधी लोकांना पेन दिसावं. विश्रामबागेतून शाळेपर्यंत चालत जाताना अख्खी सांगली त्या टोपणाकडेच बघते आहे अशी माझी पक्की समजूत होती. अडचण इतकीच की ते पेन आजवर वडील भरून देत असत. शाई पेनात कुठून येते हे मला, दूध कुठून येतं हे शहरातल्या लेकराला जितपत माहीत असतं, तितपतच माहीत होतं.

पहिल्याच दिवशी हजेरीपटावर सही करताना पेन कोरडं पडलं. मी ते झटकलं. निघायचा तो शेवटचा थेंब भिंतीवरच्या कॅलेंडरवर, एकादशीवर पडला. मग समोरच्या जवळजवळ रिकाम्या बाटलीत निब घालून मी पेन दाबत सुटले. पेन नुसती हवा ओढून गुळण्या केल्यासारखा आवाज काढत होतं आणि सगळी शिक्षकखोली कान देऊन ऐकत होती. कोपऱ्यातून एक उंच, काळ्यासावळ्या, काष्ट्यासारखं घट्ट नेसलेल्या बाई उठल्या. कुठली म्हणून त्यांनी विचारलं. मी मान ताठ करून साताऱ्याची म्हणाले.

"मग सातारकरीण, पेन भरता येत न्हाई आन् मास्तरीण झालीस व्हय?"

त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली, टेबलावरच्या डस्टरला टेकवून कलती केली आणि मला थांबायला सांगितलं. बघता बघता काचेच्या कोपऱ्यात निळं डबकं जमलं. "बाटली रिकामी न्हाई," त्या म्हणाल्या. "तू तिला सरळ उभी केलीस म्हणून तसं दिसतंय." त्या दिवसापासून मी सातारकरीण झाले. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, याची मला शंकाच आहे.

आक्का माणातल्या. दहिवडीच्या पुढचं गाव, पावसाचं नाव काढलं की लोक आभाळाऐवजी एकमेकांकडे बघतात असा मुलूख. लहानपणी त्या आईबरोबर कोरड्या नदीच्या वाळूत झरा उकरायला जायच्या. वाळूत खड्डा करायचा, त्यात पाणी पाझरायची वाट बघायची, वाटीनं उचलून घागरीत ओतायचं, पुन्हा थांबायचं. घाई केली तर गढूळ येतं. शाई भरायची त्यांची सगळी रीत तिथूनच आली होती. वर्गात त्या छापल्यासारखं पुस्तकी मराठी बोलत आणि व्हरांड्यात पाऊल पडताच माणदेशी होत. दोन्ही भाषांत त्यांचा दरारा सारखाच होता.

त्या काळी दहावीच्या परीक्षेत शाईच्या पेनानंच लिहायचं. परीक्षेच्या सकाळी वर्गातल्या मुली आक्कांच्या घरी पेन घेऊन यायच्या, कारण कित्येकींच्या घरी दौत नसायची. मग हळूहळू ज्यांच्या घरी दौत होती त्याही येऊ लागल्या. आक्कांच्या हातची शाई म्हणजे पास, असं कुणीतरी उठवून दिलं होतं. "शाई काय अभ्यास करती व्हय गं?" असं त्या प्रत्येकीला ऐकवायच्या आणि प्रत्येकीचं पेन भरून द्यायच्या.

अशाच एका सकाळी मी मदतीला गेले होते. बाटली तळाला आणि मुली अंगणभर. मी हुशार. म्हटलं, यात घोटभर पाणी घातलं की सगळ्यांना पुरेल, सोपं आहे. तांब्या उचललासुद्धा. आक्कांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. दुष्काळातल्या बाईनं पाण्याला नाही म्हणावं याचं मला नवल वाटलं. मग त्या मुलींकडे वळून म्हणाल्या, "शाई कमी असंल तर कमी लिवा. पर फिकं लिवू नगा." त्या वर्षी प्रत्येकीला निम्मंच पेन भरून मिळालं, आणि संपलंच तर शेजारणीनं बाकावर थेंब टाकायचा आणि हिनं निबनं टिपून घ्यायचा, हेही ठरवून दिलं. मुलींनी मुद्द्याचं लिहिलं. माझ्या मते मराठीचे पेपर इतके नेटके कधी झाले नाहीत.

कमी लिवा पर फिकं लिवू नगा, हे त्या फक्त शाईपुरतं म्हणत नव्हत्या हे मला तासगावात कळलं. मंगल नावाची वर्गातली एक मुलगी परीक्षेच्या तोंडावर शाळेत यायची थांबली. लग्न ठरवत आहेत असं कानावर आलं. आम्ही दोघी एसटीनं तिच्या गावी गेलो. वडील बेदाण्याच्या शेडवर होते. वाटेत मी स्त्रीशिक्षणावर एक भाषण तयार केलं होतं. त्यात संस्कृत वचन होतं, इंग्रजी वचन होतं, शेवटी आवाज भरून आणायची जागाही ठरवली होती. शेडच्या जाळ्यांमधून वाट काढत आम्ही पोचलो, मी घसा साफ केला, तेवढ्यात आक्का त्या माणसाला म्हणाल्या, "दादा, मंगलचं पेन भरून ठिवलंय. शाई वाळायच्या आत पाठवा." आणि माझ्या दंडाला धरून त्या परत फिरल्या. मी एसटीत रडकुंडीला आले, भाषण वाया गेलं म्हणून. मंगलची मला तितकी आठवणसुद्धा नव्हती, हे आता लिहिताना हसू येतं. सोमवारी मंगल वर्गात होती. वडील फाटकापर्यंत सोडायला आले होते आणि आक्कांकडे न बघता निघून गेले.

आम्ही दोघीही निवृत्त झालो. आक्कांनी लग्न केलं नव्हतं. विश्रामबागेत माझ्या मागच्याच गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. दौती गेल्या, बॉलपेनं आली, मग जेल पेनं आली. तरी परीक्षेच्या सकाळी कुणी ना कुणी मुलगी दारात असायचीच. पेपर जेल पेननं लिहायच्या, पण पहिल्या पानावरचा बैठक क्रमांक आक्कांच्या शाईनं. आक्का म्हणायच्या, लय शेफारल्यात, आणि आदल्या संध्याकाळी ज्वारी उन्हात घालायच्या.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं वाचलं, चालणं काठीवर आलं, उजवा हात मात्र गेला. भाऊ आता हयात नव्हता, पण त्याचा मुलगा दत्ता मुंबईहून धावत आला. चांगला मुलगा, आत्यावर जीव असलेला. महिन्याभरात तो दुसऱ्यांदा आला तेव्हा आत्याची ट्रंक बांधायच्या तयारीनंच आला. दवाखाना जवळ आहे, लिफ्ट आहे, घरात माणसं आहेत, असं सगळं त्यानं नीट समजावलं. आक्का ऐकून घेत होत्या. शेवटी तो वैतागला. "आत्या, साधं बाटलीचं झाकण उघडत न्हाई तुला. हितं एकटी कशी राहणार?"

नेमकी दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. आक्कांनी डाव्या हातानं वाटीकडे बोट केलं. "सकाळी पोरी यायच्यात. एका हातानं पेनं भरली, तर मी हितंच. शाई सांडली, तर तुझ्यासंगं गाडीत बसते. त्वांड उघडणार न्हाई."

मला त्या रात्री झोप लागली नाही असं लिहायला छान वाटलं असतं, पण मी झोपले. सकाळी मात्र दुकान उघडायला लावून नवी कोरी, गळ्यापर्यंत भरलेली शाईची बाटली आणली. बाटली भरलेली असली म्हणजे कलती करायची कटकट नाही, एका हातानंही जमेल, असा माझा हिशोब. वय वाढलं तरी मी तांब्या उचलायचं सोडलं नव्हतं, एवढाच याचा अर्थ. दत्ताची नजर चुकवून बाटल्यांची अदलाबदल करायची म्हणून मी पिशवी पदराखाली धरून आत गेले.

"सातारकरीण," आक्का खुर्चीतून म्हणाल्या, "पदरात काय वाजतंय?"

मी बाटली काढून निमूट खिडकीत ठेवली. दत्तानं तोंड फिरवलं, बहुतेक हसू लपवायला.

मुली दोघीच होत्या. एक माझी नात सई आणि दुसरी मंगलची नात, तासगावहून पहाटेच्या गाडीनं आलेली. आक्कांनी बाटली गुडघ्यांत धरली, डाव्या हातानं झाकण फिरवलं. ते उघडलं. बाटली ज्वारीत तिरकी रोवली. पण शाई इतकी तळाला गेली होती की बाटली जवळजवळ आडवी करावी लागत होती, आणि ज्वारी तिला धरेना. दाणे सरकत आणि बाटली पुन्हा उभी राही. आजवर तिला उजवा हात धरून ठेवत असे. सई पुढे झाली, आक्कांनी नुसतं बघितलं, ती मागे आली. दत्ताच्या हातातल्या चहावर साय धरली होती.

आक्का थोडा वेळ थांबल्या. मग त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला, झोपलेलं मूल उचलावं तसा, आणि बाटलीच्या पाठीशी नेऊन ठेवला. तो जड हात वाटीत पसरला आणि बाटली जागच्या जागी अडकून बसली.

"ओझं झालाय न्हवं," त्या म्हणाल्या, "मग ओझ्याचं काम करू दे."

आणि नेहमीसारख्या गप्प बसल्या. कोपऱ्यात शाई जमायला लागली. सईचं पेन उघडून त्यांनी त्याची नळी ज्वारीतच उभी रोवली. ड्रॉपर बाटलीत गेला, वर आला, नळीत रिकामा झाला. पुन्हा गेला. नळी गुडघ्यांत धरून त्यांनी निब फिरवून बसवली. मग दुसरं पेन. एक थेंब पडला, तो उजव्या हाताच्या बोटावर. आक्कांनी तो पुसला नाही. दत्ताला दाखवून म्हणाल्या, "बघ. कामावर हाय त्यो."

मुली पाया पडून गेल्या. दत्तानं ट्रंकेचा दोर सोडला आणि बाजारात गेला. संध्याकाळपर्यंत न्हाणीत धरायला लोखंडी दांडी बसली होती आणि गॅसची शेगडी डाव्या हाताला सोयीची अशी फिरवून ठेवली होती. रात्रीच्या गाडीनं तो एकटाच परत गेला. मी ही गोष्ट गल्लीत इतक्या जणींना सांगितली, की शेवटी आक्कांनी मला तंबी दिली. तरी भाजीवाल्याला सांगायची राहिली होती, ती मी दुसऱ्या दिवशी सांगितली.

त्यानंतरही परीक्षेच्या सकाळी आक्कांचं दार उघडं असे. गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी, त्याच खुर्चीत, त्या गेल्या. दत्तानं सगळं व्यवस्थित केलं आणि निघताना वाटी, आक्कांची बाटली आणि खिडकीतली माझी नवी बाटलीही माझ्या हातात दिली. म्हणाला, मावशी, हे तुमच्याकडेच शोभतंय. सोनेरी टोपणाचं पेन मिरवतानाही माझ्या अंगात एवढा तोरा आला नसेल.

यंदा परीक्षेच्या सकाळी मुली माझ्या दारात आल्या. त्या नव्या बाटलीनं मी त्यांची पेनं भरली, दोन्ही हात धडधाकट असून टेबलक्लॉथ निळा केला. आक्कांच्या बाटलीला हात लावला नाही.

हे सगळं मी बॉलपेननं लिहिलं आहे. लपवून काय करू? पण वर आक्कांचं नाव तरी शाईनं घालावं म्हणून आज त्यांची बाटली उघडली. कोरडीठाक दिसली. माझ्या सवयीनं मी ती उजेडाकडे सरळ धरून बघत होते, मग लक्षात आलं. ज्वारीत कलती करून ठेवली आणि चहा करायला गेले. येऊन बघते तर कोपऱ्यात जरासं डबकं. निब बुडण्यापुरतं.

अनुसया काळेल. तेवढ्यात पूर्ण नाव लिहून झालं. गडद.