बाबांची शेरवानी

ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि तळाशी बाबांची काळी शेरवानी दिसते. निजामी राज्यात कचेरीतले मराठी कारकूनही हीच घालत.

संस्थान हिंदुस्थानात विलीन झालं आणि आमच्या गौलीगुडा मोहल्ल्यातल्या शेरवान्या रातोरात पेटीत गेल्या, पांढऱ्या गांधीटोप्या बाहेर आल्या. शेजारच्या काकांनी एक टोपी बाबांपुढे धरली. बाबा म्हणाले, “काल घातली नाही. आज कुठल्या तोंडानं घालू?”

मी ती टोपी गुपचूप परकरात खोचली आणि शेरवानी घालून निघालेल्या बाबांबरोबर बाहेर पडले. कोठीच्या बाजाराजवळ काठ्या घेतलेल्या चौघांनी आम्हाला अडवलं. “कौन हो मियाँ?” मी टोपी काढून बाबांपुढे धरली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

“कारकून आहे,” ते मराठीतच म्हणाले. “वीस वर्षं हाच पोशाख घालतोय.”

मग एकानं काठी खाली घेतली आणि वाट दिली.

तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. आज त्यांच्याहून म्हातारी झालेय, पण तसं उभं राहणं मला एकदाही जमलं नाही.

घराजवळ आल्यावर ते एवढंच म्हणाले, “टोपी काकांना परत दे. म्हणावं, कोरी आहे.”