डोहातली बाई मी रचली

मोहर्लीला जंगल सफारीच्या जिप्सीवर गाईड होते तेव्हाच एक गोष्ट शिकले. वाघ दिसला नाही की पर्यटकांचं तोंड आंबट होतं, आणि ते गाईडकडे असं बघतात, की जणू वाघ मीच घरी बांधून ठेवलाय. म्हणून वैनगंगेवर बोटीची सफर सुरू झाली आणि मी तिथे लागले, तेव्हा गोष्टींची तयारी करूनच आले.

नदीवर सांगण्यासारखं होतंही. याच पाण्यातून पूर्वी सागाची लाकडं खाली जायची. पडका घाट होता, वाळूवर अंडी घालणारे नदीसुरय पक्षी होते, नशीब असेल तर पाणमांजर दिसायचं. फक्त फेरीच्या शेवटी एक डोह यायचा, तिथे काहीच नव्हतं. नुसतं हिरवं, न हलणारं पाणी.

बोट चालवणारे भाऊ मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचे होते, साठीचे, मोजकं बोलणारे. त्यांच्या लोकांत एक रीत आहे: नदीवर कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. पाण्यात गेलेलं माणूस दोनदाच हाक मारू शकतं, तिसरी हाक जिवंत माणसाची. ही रीत मी त्यांच्याच तोंडून ऐकली आणि तिच्यावर एक बाई रचली. डोहापाशी भाऊ इंजिन बंद करायचे. मी आवाज खाली आणून सांगायची, की इथे एक बाई बुडाली आणि तिची हाक मी स्वतः ऐकली आहे, दोनदा. सगळी बोट गप्प व्हायची. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या हंगामात माझ्या लक्षात आलं, की शेवटची फेरी झाली की भाऊ आपला डोंगा, म्हणजे लहानशी होडी, घेऊन पुन्हा डोहाकडे जातात आणि दिवस बुडेपर्यंत बसतात. मासे म्हणावं तर सोबत जाळं नाही. एकदा बोट बांधता बांधता त्यांनी विचारलं, "बाई, तिसऱ्या खेपेले हाक मारली का तिनं कधी?"

मी हसले. ते हसले नाहीत.

घाटावरच्या चहावालीने मग सांगितलं. भाऊंची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी पुरात त्याच डोहात गेली होती. डोंगा सापडला, ती सापडली नाही. ती परत येईल म्हणून भाऊंनी तेरवी, तेराव्याचं जेवण, केलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीआधी मी भाऊंपुढे सगळं कबूल केलं. हाक नाही, काही नाही, सगळं मनाचं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भाऊ दोरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "तुले ऐकू येते अन् मले काऊन नाई, म्हणून वाईट वाटे. वाटे, माह्यावर रुसली असन. आता समजलं, हाकच नाई."

त्याच महिन्यात त्यांनी तेरवी केली. मलाही बोलावलं. भाऊ प्रत्येकाला स्वतः वाढत होते. माझ्या पानात भात घालताना म्हणाले, "पोटभर जेव बाई, तिच्या नावाचं हाय."

इतकी वर्षं त्या घरात ती जिवंत होती, आणि मी तिला मारून तिच्याच तेरवीला जेवायला बसले होते.