आधी तुरटी, मग राळ

नोएडात तेव्हा सेक्टरांचे नुसते आकडे उगवले होते, माणसं अजून यायची होती. असल्याच एका सेक्टराच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये, कौशल्या चिंध्या निवडत बसायची. आसपास परदेशी कपडे शिवणारे कारखाने निघाले होते. त्यांची कातरण पोत्यांनी यायची. ती चुन्याच्या पाण्यात उकळायची आणि बीटरच्या हौदात सोडायची. आत दात्यांचा रूळ गरगरायचा. दुपारपर्यंत कापडाचा मागमूस राहायचा नाही. उरायचा दाट पांढरा लगदा, पहिल्या चिकासारखा. कौशल्या पंचगंगेकाठची, शेणामातीत वाढलेली. लग्न होऊन पहाडगंजात आली तरी दिल्लीला कधी भाळली नाही. पण हा लगदा बघताना तिचा हात आपोआप थांबायचा.

नवरा दत्तात्रय छापखान्यातली नोकरी सोडून हातकागदाच्या या धंद्यात पडला होता. शेड पुतण्याची, इंद्रजितची. तो एक्स्पोर्टच्या ऑफिसात, बोलायला रोखठोक. म्हणाला होता, "काका, रविवारी येतो. शाई धरणारा कागद दाखवा, नाहीतर शेड गारमेंटवाल्याला देतो. बुरा मत मानना."

आणि कागद तर शाई धरेना. थेंब टाकला की फुटायचा. लिहायच्या कागदाचा टीपकागद झाला होता.

शाई फुटू नये म्हणून लगद्याला राळ पाजावी लागते. फार पूर्वी एकेक ताव सरसात बुडवून काढत. मग विलायतेत कुणाला तरी सुचलं, की राळ लगद्यातच मिसळावी. सोड्यात शिजवली की राळेचं दूध होतं. ते ओतायचं, मग तुरटी घालायची. तुरटी राळेला धाग्यावर बसवते. आधी राळ, मग तुरटी, हे दत्तात्रय जपासारखं म्हणायचा. पण तिथल्या बोअरच्या जड पाण्यात राळ पडली रे पडली, की गुठळ्या होऊन वर तरंगायची.

शुक्रवारी तर बोअरला गढूळच पाणी आलं. गावाकडं पुराचं पाणी तुरटी फिरवल्याशिवाय चुलीपाशी जायचं नाही. कौशल्यानं त्याच सवयीनं बादलीभर तुरटी कुटून टाकीत विरघळवली, गाळ बसू दिला आणि वरच्या निवळ पाण्यानं बीटर भरला.

राळेची किटली घेऊन आलेला दत्तात्रय टाकीशी थबकला. "अगं, ह्यात काय घातलंस?"

"तुरटी. पानी बघितलंसा न्हवं? म्हशीबी तोंड लावायच्या न्हाईत."

"तुरटी मागनं घालायची असती. समदा घाणा नासवलास."

"आतापतूर नासायचा कुठला ऱ्हायला व्हता?"

नव्या घाण्याला चिंध्याही उरल्या नव्हत्या. त्यानं धुसफुसत किटली ओतली आणि बिडी शोधत बाहेर गेला.

कौशल्या हौदावर वाकली. राळेचं दूध लगद्यात शिरलं आणि दिसेनासंच झालं. गुठळी नाही, तवंग नाही.

"अवो, आत या. राळ गेली कुठं?"

दत्तात्रयानं कोपरापर्यंत हात घातला, लगदा बोटांत चोळला, हुंगला. मग हळूच म्हणाला, "पान्यातला खार तुरटीनं आधीच गप केला वाटतं. राळ सरळ धाग्याला भिडली." बाहेर सापडलेली बिडी तशीच कानावर राहिली.

ताव उचलले, दाबले, लूच्या गरम वाऱ्यात वाळवले.

रविवारी इंद्रजित आला. गॉगल कपाळावर चढवून त्यानं पेनातून तावावर शाईचा टपोरा थेंब सोडला.

थेंब बसला. गोल, निळा, जिवंत, जणू खाली कागद नाहीच. कापसाच्या चिंधीनं पाणी असं अंगाबाहेर धरावं, हे कौशल्याच्या आकलनापलीकडचं होतं. आपल्याच हातांकडं तिनं एकदा बघून घेतलं. इंद्रजितनं ताव कलता केला. थेंब घरंगळला आणि त्याच्या पांढऱ्या पँटवर पडला.

"यार काका," तो पुटपुटला, पण नजर कागदावरच होती. "परत असाच निघेल?"

दत्तात्रयानं बायकोकडं बघितलं.

"निघंल," ती म्हणाली. "टाकी भरायला लावलीया."

इंद्रजितनं ताव गुंडाळून काखेत मारला. "चलो, गारमेंटवाल्याला नाही म्हणून सांगतो."

तो गेल्यावर दत्तात्रय दुसऱ्या तावावर शाईचे थेंब सोडत बसला. एक, आणखी एक.

"शाई संपवशिला," कौशल्या म्हणाली, आणि त्याच्या शेजारी उकिडवी बसून बघू लागली.